नरोत्तम सरांचा ताजा कलम

नरोत्तम सर गेल्या पौषात, एका रविवारी सकाळी ब्राह्मणपुरीत वारले. त्या आठवड्यात त्यांचे मंगळवारचे पत्र आले नाही. बारा वर्षांत असे पहिल्यांदाच घडले.

मी नंदुरबारच्या एका दैनिकात जिल्हा पान लावतो. वाचकांची पत्रे त्याच पानावर येतात. बाकीचे वाचक गटार, वीज आणि एसटीच्या वेळा यांवर लिहितात. नरोत्तम सर युरोपवर लिहीत. तेही सगळ्या युरोपवर नाही. युरोपातल्या देशांचा जो संघ आहे, त्याने युद्धातून उठलेल्या बाल्कनच्या शेजाऱ्यांना आत कधी घ्यायचे, या एकाच प्रश्नावर.

त्या संघाला ते ‘सोसायटी’ म्हणत. ते हायस्कुलात भूगोल शिकवत आणि निवृत्तीनंतर गावच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमन झाले होते. दोन्ही अनुभव पत्रात उतरत. ‘सभासद सत्तावीस. एकाने हात वर केला नाही की शेजाऱ्याचा अर्ज पडला. ही सोसायटी नव्हे, भावकी आहे.’ किंवा, ‘अटी घाला, पण तारीखही द्या. एक अट पुरी झाली की दुसरी काढायची, याला आमच्याकडे मुलगी द्यायची नाही असे म्हणतात.’ किंवा, ‘ओट्यावर बसवून ठेवलेला पाहुणा फार वेळ बसत नाही. समोरच्या घरचा चहा येतो, तो पितो.’

पत्रे जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर असत. अक्षर फळ्यावरच्यासारखे मोठे. मजकुरात चूक काढायला जागा नसे. मी ती छापत असे, कारण सोमवारी रात्रीपर्यंत दुसरे काही आलेले नसे.

प्रत्येक पत्राखाली ‘ता. क.’ असे. पहिल्याच पत्रातला मला आठवतो: ‘ता. क. : कोसोवोने यंदा आखाजीला सर्बियाकडे जेवायला यावे. सांजोऱ्या केल्या आहेत.’ आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. कोसोवो हा सर्बियातून फुटून निघालेला देश; आणि सर्बियात सांजोऱ्या कोण करणार? मी ती ओळ काढली. जागा कमी पडली की मजकूर शेवटाकडून छाटायचा, हे आमच्या कामातले पहिले शिक्षण. पुढे जागा असली तरी मी ता. क. काढू लागलो. दोन-तीन पत्रांनंतर तो वाचणेही सोडले.

सरांचा एकदा फोन आला होता. कार्यालयाशी ते प्रमाण मराठीत बोलत.

“साहेब, शेवटची ओळ राहिली.”

“जागा नव्हती, सर.”

“हरकत नाही. पुढच्या मंगळवारी बघा.”

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. ओळ मात्र दर वेळी लिहिली.

पपईच्या बातमीसाठी ब्राह्मणपुरीला गेलो तेव्हा त्यांना एकदाच भेटलो. ओट्यावर खडूने बाल्कन काढलेला होता आणि त्यावर एक शेळी उभी होती. “तिला उठवू नका,” सर म्हणाले. “बोस्नियात आहे. तिथे आधीच तीन समाजांची तीन मतं आहेत.” आतल्या भिंतीवर युरोपचा शाळेचा जुना नकाशा होता. तो इतका जुना की युगोस्लाव्हिया त्यात अखंड होता. शाळा तो टाकून देत होती, सरांनी घरी आणला. एकेक देश वेगळा झाला तशी त्यांनी त्यावर लाल रेघ ओढली होती.

“रेघा पेन्सिलीच्या का?” मी विचारले.

उत्तर देताना ते घरच्या बोलीवर आले. “शाईनी काढ्यात तर मंग खोडता येतीन का, भाऊ?”

नकाशाशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद टांगलेला होता. त्यांनी संघाच्या कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने मराठीत आठ पानी पत्र पाठवले होते. तिकडून छापील पोच आली: पत्र मिळाले, आभारी आहोत. सर तो कागद मला वाचून दाखवत म्हणाले, “बोलायला तर लागले.”

तेवढ्यात दूधवाला आला. “सर, सर्बियाम्हा आज एक लिटर का दीड?” गल्लीत हसू झाले. सरही हसले. मला वाटले, गाव त्यांची थट्टा करते. अंगणात मधोमध डोक्याएवढ्या उंचीची भिंत होती. मी ती पाहिली, विचारले नाही. बातमी पपईची होती.

सर वारल्यावर चार ओळींचे निधनवृत्त मीच लावले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ कार्यालयात आले. चालताना डावा पाय जपून टाकत होते. हातात बियाण्याची प्लास्टिकची पिशवी होती.

“सरनं पत्र तुम्हीच छापेत ना?”

मी हो म्हणालो.

“मी त्यान्हा धाकला भाऊ. वसंत.” मग हसू न आणता म्हणाले, “कोसोवो.”

बसल्यावर त्यांनी सांगितले ते असे. बारा वर्षांपूर्वी वसंतभाऊंनी बांधावरचे चिंचेचे झाड तोडले. ते आईने लावलेले होते. सर सात दिवस जेवले नाहीत, मग अंगणात भिंत घातली. भांडताना सरांनीच दोन्ही घरांना सर्बिया आणि कोसोवो ही नावे दिली, आणि ती गावात राहिली. भिंत उभी राहिल्यावर महिन्याभरात सरांचे पहिले पत्र छापून आले. वसंतभाऊंनी त्या दिवसापासून आमचा पेपर लावला. त्यांच्यात रीत अशी की मोठ्या भावाने हाक मारायची, मग धाकट्याने जायचे. मोठा धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहत नाही, आणि धाकटा बोलावल्याशिवाय उंबरा चढत नाही.

“तो बलाई म्हनीसन मी वाट देखू,” ते म्हणाले.

पिशवीतून त्यांनी वही काढली. बारा वर्षांची कात्रणे तारीखवार चिकटवलेली होती.

“वहिनी सांगस, पत्रना शेवटले मन्हाकरता ओळ ऱ्हाये. हाऊ देखा सगळा पेपर. एक बी ओळ नही.”

“जागा नसायची,” मी म्हणालो.

“एक ओळले?”

छापून झालेली मूळ पत्रे आम्ही फाइलला लावतो. बहुतेक फाइली रद्दीत गेल्या होत्या. उरलेल्यांत वेगवेगळ्या वर्षांची एकवीस पत्रे सापडली. वसंतभाऊंनी चष्मा लावला. वरचा मजकूर त्यांच्याकडे होताच; ते थेट तळाशी जात होते. मीही त्या ओळी तेव्हाच वाचल्या.

‘ता. क. : सर्बियाच्या विहिरीला यंदा पाणी बरे आहे. कोसोवोने मोटार लावण्यास हरकत नाही.’

‘ता. क. : कोसोवोच्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळले. सर्बियाला पत्रिका नको, हाक पुरेल.’

‘ता. क. : कोसोवोच्या गुडघ्याचे ऑपरेशन चिंचपाड्याच्या दवाखान्यात नीट झाले असे ऐकतो. जिना चढू नये.’

या ओळीवर ते थांबले. हात गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

‘ता. क. : चिंचेचे रोप आणले आहे. लावायला दोन माणसे लागतात.’

आखाजीचे आमंत्रण त्या एकवीस पत्रांत चार वेळा होते. चारही वेळा त्यावर माझी निळी काट होती.

मूळ पत्रे कार्यालयाबाहेर देऊ नयेत असा आमचा नियम आहे. मी ती दिली. वसंतभाऊंनी ती कात्रणांच्या वहीत, ज्या त्या तारखेला ठेवली.

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सरांना मूलबाळ नव्हते. यंदा त्यांच्या नावाची घागर वसंतभाऊंनी भरली. ते साडेबाराला सरांच्या घरात गेले आणि पावणेतीनला बाहेर आले. मी सरांच्या पत्नीला, वहिनींना, फोन करून हे पडताळून घेतले. सांजोऱ्या केल्या होत्या, असे त्यांनी सांगितले.