किल्ली परत ठेवणारा चोर

माझ्यासारखा गुप्तहेर शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, आणि ह्या शंभर वर्षांतला नंबर मी लावून टाकलेला आहे. पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, पण तो निव्वळ देखावा. समोरचा माणूस चष्मा लावतो की नाही हे मी एका नजरेत ओळखतो, विशेषतः तो चष्मा घालून आलेला असला तर. ओळखीचे लोक मला सुगावाराव म्हणतात. आमची ही काही म्हणत नाही, नुसती बघते.

ही माझी मदतनीस आहे. तिला तसं अजून सांगितलेलं नाही. एका मोठ्या वसतिगृहाच्या ऑफिसात दीडशे खोल्यांच्या किल्ल्या तिच्या ताब्यात असतात, आणि बावीस वर्षांत त्यातली एकही इकडची तिकडे झालेली नाही.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला ती माझ्यापाशी येऊन म्हणाली की दार उघडत नाहीये. मी तडक भिंग घेऊन उठलो. दार कॉम्प्युटरमधलं निघालं.

हकीकत अशी. हिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, दोन वर्षांपूर्वी कायमची नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं. तेव्हा ही त्याला चार पाहुण्यांदेखत म्हणाली होती, "तुझ्याच्याने काही व्हायचं नाही." तो जेवता जेवता ताटावरून उठला, तो पुन्हा ह्या घरात आला नाही. दुकान झकास चाललं, ते हिला लोकांकडून कळत राहिलं, आणि एका वाक्यापायी दोघांचा अबोला सुरू राहिला. सासूबाईंचं शिवणयंत्र आमच्याकडे होतं, ते न्यायला तो आज चार वाजता येणार होता. उंबऱ्यातूनच उचलीन आणि जाईन, असं त्याने कळवलं होतं.

आता हिच्या माहेरी तोंडाने माफी मागायची पद्धत नाही. तशी वेळ आली तर ती माणसं दुसऱ्याच्या घरची भांडी घासून देतात, पण बोलत नाहीत. म्हणून वाचनालयात नवशिक्यांना कॉम्प्युटरवर गेम बनवायला शिकवतात, तिथे ही दोन महिने गुपचूप जात होती. लहानपणी भाऊ गेम खेळत बसायचा तेव्हा हिनेच त्याचे कान उपटले होते. गेममध्ये तिने माहेरचं घर काढलं होतं, चौकोन चौकोन जोडून. एक बुटका माणूस, खुंटीवर किल्ली, मागच्या खोलीला कुलूप. जवळ किल्ली असेल तर दार उघडायचं, नसेल तर "कुलूप आहे" म्हणायचं, एवढी साधी अट. आतल्या खोलीत तिने तिचं म्हणणं लिहून ठेवलं होतं. पण माणूस किल्ली घेऊन दाराशी गेला तरी दार आपलं म्हणतंय, कुलूप आहे.

"चारच्या आत उघडलं पाहिजे हो," ती म्हणाली. "आज तसाच गेला तर तो परत यायचा नाही." मी भिंग पुसून कामाला लागलो.

माझा पहिला सिद्धांत असा की हे दार नव्हेच, दाराचं सोंग घेतलेली भिंत आहे. मी बुटक्याला साठ वेळा त्यावर आपटलं. साठही वेळा ती भिंत "कुलूप आहे" म्हणाली. भिंतींना कान असतात, तोंड नसतं, म्हणून तो सिद्धांत सोडावा लागला.

दुसरा संशय मांजरावर. घराच्या कोपऱ्यात हिने एक मांजर बसवलं होतं. त्याची मी अर्धा तास उलटतपासणी केली. दर प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, म्याव. पढवलेला साक्षीदार असाच बोलतो. ही म्हणाली की त्याला तेवढंच शिकवलंय. मी म्हटलं, बघ, कबूल झालीस.

तिसरा सिद्धांत गंजाचा. मी गेममध्ये तेलाची बुधली काढायला घेतली, ती बदकासारखी झाली, आणि ते बदक नेमकं दारापुढे जाऊन बसलं. आता दाराशी पोचायचीही पंचाईत. बदक हटवण्यात तीन वाजले. मग मी बोटांचे ठसे घ्यायला कीबोर्डवर पावडर टाकली. ठसे सगळे माझेच निघाले, आणि ही सात वेळा शिंकली.

तेवढ्यात मला जे दिसलं त्याने अंगावर काटा आला. बुटका किल्ली उचलतो न उचलतो तोच किल्ली पुन्हा खुंटीवर! म्हणजे कोणीतरी त्याच्या खिशातून ती काढून घेत होतं आणि चक्क जागच्या जागी नेऊन ठेवत होतं. असा सुसंस्कृत चोर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी जाहीर केलं की चोर घरातलाच आहे, कमालीचा टापटिपीचा आहे, आणि वस्तू जागेवर नसेल तर त्याला झोप लागत नाही.

"असं कोण बाई आपल्यात?" ही विचारात पडली आणि बोलता बोलता माझ्या हातातलं भिंग काढून घेऊन तिने खणात ठेवून दिलं. मलाही कोणी आठवेना.

साडेतीनलाच मेहुणा आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने यंत्र कुठे आहे ते विचारलं, माझ्याकडे बघून. मी यंत्राकडे बोट दाखवलं. तो उचलायला वाकला आणि वाकल्या वाकल्या त्याची नजर पडद्यावर गेली.

"हे आपलं घर आहे," तो म्हणाला. चपला काढून तो आत आला, ते बहुधा त्याच्याही लक्षात आलं नसावं.

त्याने बुटक्याला दोनदा किल्ली घ्यायला लावली, मग त्या किल्लीला दिलेल्या सूचना उघडून वाचल्या, आणि नाकातून हसला.

"ताई, किल्ली उचलल्याबरोबर ती खुंटीला परत लाव, असं तूच लिहिलंयस."

"मग? काम झालं की किल्ली जागेवर नको?"

"काम झालंय कुठे? आधी दार तर उघडू दे."

ती ओळ मीही दीड वाजताच वाचली होती. किती चांगलं वळण लावलंय म्हणून मनातल्या मनात हिचं कौतुक करून पुढे गेलो होतो. मेहुण्याने ती तिथून उचलली आणि दार उघडल्यानंतरच्या सूचनांत नेऊन ठेवली. टुक असा आवाज झाला आणि दार उघडलं.

आतल्या खोलीत एक सायकल होती, चौकोनी चाकांची. बुटका तिच्याजवळ गेला तशी अक्षरं उमटली. 'तुझ्याच्याने व्हायचं नाही म्हणाले होते. तू करून दाखवलंस. मी चुकले. दुकान तीनदा लांबून बघून आले, आत यायचा धीर झाला नाही.'

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग इथे पावडर फार उडालीय असं म्हणून डोळे पुसले. ही पदराशी चाळा करत भिंतीकडे बघत उभी होती.

"आता ह्यातून बाहेर कसं पडायचं?" तो बटणं दाबत म्हणाला. बुटका सायकलीभोवती गोल गोल फिरत होता. "इकडून बाहेर जायला दारच दिसत नाही."

दुसरी केस! मी सिद्धांत मांडायला तोंड उघडलं, पण हिने मला हातानेच गप्प केलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाकडे सरळ बघितलं.

"बाहेर पडायचं मी केलंच नाही," ती म्हणाली. "बैस."

मी चपळाईने त्याच्यामागे खुर्ची सरकवली, आणि तो बसला.