शंकरण्णाचे केस

सोवळं नेसून, खांद्यापर्यंत केस मोकळे सोडून आरती करणारा पुरुष तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. मल्लेश्वरमच्या वठारात, म्हणजे तिकडच्या चाळीत, राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. नोकरीसाठी बेंगळुरात आलो, तो शेजार सुसंस्कृत मिळेल या आशेनं. आणि भिंतीपलीकडचा हा प्राणी झांज अशी बडवत होता, की आरती संपायच्या आत गणपतीच पाटावरून उतरेल असं वाटलं.

शंकरण्णा मूळचा बेळगावकडचा. दिवसा कारखान्यात फिटर, संध्याकाळी कॅन्टोन्मेंटच्या 'द ब्लू लॅम्प्स' या बीट ग्रुपात ड्रम वाजवणारा. इंग्रजी गाणी, टोकदार बूट, आणि पाचही जणांच्या भुवया केसांखाली गडप. घरी ड्रम नव्हते, म्हणून तांब्या, पाट, बादली काही सोडायचा नाही. एकदा माझ्या पदवीच्या फ्रेमवर बोटं वाजवली! मी थक्क.

"काच बरी बोलते की हो," म्हणाला.

त्याच्या आईला सगळं वठार अक्का म्हणे. तिचं आणि त्या केसांचं हाडवैर.

"मेल्या, उतरव ते टोपलं! पोरगी कोण देणार तुला?"

"स्वल्प थांब गं. मुंबईला वाजवून येतो, मग बघ."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि एक दिवस खरंच मुंबईचं बोलावणं आलं! देशभरच्या बीट ग्रुपांची स्पर्धा. जिंकला त्याची रेकॉर्ड निघणार. शंकरण्णानं वठारभर मैसूरपाक वाटला. त्याच आठवड्यात अक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं, आणि ती काही शुद्धीवर येईना.

मुंबईच्या गाडीच्या आदल्या दिवशी अक्कानं इस्पितळात डोळे उघडले, उठून बसली आणि कॉफी मागितली. मी हुश्श केलं. पण शंकरण्णा कुठंय? दुसऱ्या दिवशी त्यांचा गिटारवाला डेरिक वठारात येऊन हाका मारून गेला. गाडी सुटली. शंकरण्णा उगवला त्यानंतर, तिरुपतीहून. डोक्याचा चकचकीत गोटा, हातात लाडू!

"अहो, नवस महिन्यानं फेडता आला असता!" मी ओरडलोच.

"ती उठून बसली की त्याच दिवशी निघतो म्हटलं होतं," तो म्हणाला. "देवानं उशीर केला नाही. मी कसा करू?"

ग्रुप उसना ड्रमवाला घेऊन गेला आणि पहिल्याच फेरीत बाद होऊन परतला. वर्षाच्या आत डेरिक आणि आणखी दोघं ऑस्ट्रेलियाला गेले. ब्लू लॅम्प्स विझले.

मला वाटलं, तो गोटा पाहून निदान अक्का तरी खूश होईल. घरी आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वठार गोळा होईल असा हंबरडा फोडला. "केस कुठं गेले रे माझ्या पोराचे?"

त्यानंतर दर रविवारी ती त्याला पायरीवर बसवून डोक्याला तेल लावायची. "वाढव रे लौकर," म्हणायची. केस कानांवर आले, मानेवर आले. वाजवायला बोलावणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

अशाच एका रविवारी, मान खाली घालून बसलेल्या शंकरण्णाची बोटं पायरीवर वाजू लागली. आता ही खेकसणार, म्हणून मी दारात थांबलो. अक्का मात्र ऐकता ऐकता त्याच तालावर त्याच्या टाळूवर तेल थापू लागली.