मी शे ना!

कामाच्या पहिल्याच दिवशी आमचे शेठ छाती ठोकून म्हणाले, "मी शे ना!" मी बीडकडचा. मला ऐकू आलं, "मी शेणा." म्हटलं, आता बोला! स्वतःलाच शेण म्हणवून घेणाऱ्या शेठच्या हाताखाली आपण काय दिवे लावणार? दुपारी शेजारच्या लूमवरच्या नामदेवनं समजावलं, "अरे बाबा, अहिराणी आहे ती. मी आहे ना, असं म्हणतात ते."

आमचे शेठ सुकलालभाऊ धुळ्याकडचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या लूमवर कापड विणण्यात गेला आणि केस पिकल्यावर सुरतेच्या बमरोलीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना काढला. शेठ झाले, पण शेठपणा काही जमला नाही. पट्टा तुटला की "मी शे ना!" म्हणत पाना घेऊन मशीनच्या पोटात शिरायचे आणि जे तुटलं नव्हतं तेही तोडून बाहेर यायचे. लाईट गेली, मी शे ना. सूत आलं नाही, मी शे ना. नामदेव वैतागायचा, "शेठ, तुम्ही आहात हो, पण सूत कुठाय?" मग सूत येईपर्यंत भाऊ आम्हाला स्वतःच्या हातानं चहा पाजायचे. तोही पाणचट.

लूमच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू येतंय! म्हणून भाऊ लांबूनच नुसती छाती ठोकायचे. दिवसभर तेच पाहून जीव विटायचा. पुढं पुढं तर घरी बायकोनं "भाजी आणली का?" विचारलं तरी माझा हात छातीवर जायला लागला. ती म्हणायची, "तुम्ही आहात ते दिसतंय. भाजी?"

मग सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. आमचा कारखाना नवा, कापड लूमवर अर्धं विणलेलं. दुसरा शेठ असता तर दारात आडवा पडला असता. भाऊंनी स्वतः टेम्पो बोलावला आणि स्वतःच्या बायकोपोरांसकट आम्हा सगळ्यांना त्यात चढवलं.

"आणि तुम्ही, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी छाती ठोकली.

टेम्पो सुटल्यावर नामदेव म्हणाला, "संपला हा कारखाना. मरायला परत कोण येतंय?" भाऊंची बायको पदरात तोंड घालून बसली होती.

गावात हाताला काम नाही आणि जीवही लागेना. दसऱ्याच्या तोंडावर मी एकटाच परतलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पण आमच्या शेडमधून खडखडाट येत होता. म्हटलं, आपल्या आधी कोण आलं बुवा? आत पाहिलं तर एकच मशीन चालू आणि त्याच्यापुढं दाढी वाढलेले सुकलालभाऊ. मला पाहून त्यांचा हात सवयीनं छातीवर गेला आणि तिथंच राहिला.

त्यांनी मशीन बंद केलं. शेड एकदम गप्प झाली.

"एकट्यानं कशाला चालवताय, भाऊ?"

"बंद करं तं वाटस, कोनीच नई शे."

मी छाती ठोकून म्हणालो, "मी शे ना, भाऊ."

माझ्या बीडच्या तोंडची अहिराणी ऐकून एरवी ते खो खो हसले असते.

"आखो एक डाव बोल," भाऊ म्हणाले.

मी पुन्हा एकदा म्हणालो, मोठ्यानं.