तांबडीचं बाळंतपण आणि एकतीस शाली

मुलांनो, मांडी घाला आणि चुळबुळ थांबवा. एक जंगल होतं. कुठलं, ते विचारू नका. विचारलंत की मला नकाशा काढावा लागेल, आणि माझी चित्रकला तुम्ही पाहिलेली नाही.

दिवस पौषाचे होते. थंडी अशी की माकडंसुद्धा हात काखेत घालून बसायची आणि उड्या दुपारनंतर मारायची. अशा एका सकाळी त्या जंगलात एक कुत्री आली. रंग तांबूस, पोट जमिनीला टेकायला आलेलं. दर चार पावलांवर ती थांबायची, माती हुंगायची आणि पुढे जायची. तिचं नाव तांबडी.

तांबडी गावातली. गाव तसं चांगलं होतं, पण गावातल्या प्रत्येक चांगल्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. देवळाच्या ओसरीवरून तिला पुजाऱ्यानं हाकललं, पिठाच्या गिरणीतून गिरणीवाल्यानं. मागच्या थंडीत ती ओढ्याकाठी उघड्यावरच व्याली होती. चार पिल्लं झाली. चार दिवसांनी त्यातलं एकही उरलं नाही. हे सांगायला मला मुळीच आवडत नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

यंदा तिला फार काही नको होतं. वारा लागणार नाही, उजेड येणार नाही आणि कुणी डोकावणार नाही, एवढीशी एक जागा हवी होती.

एका झाडाच्या बुंध्याशी ती पुढच्या पायांनी माती उकरायला लागली. तिथे साळूमावशी आली. साळूमावशी म्हणजे म्हातारं साळिंदर. ती चालली की अंगावरचे काटे खुळखुळायचे, त्यामुळे ती कधी अचानक येत नसे.

"काय हुडकतीस गं पोरी?"

"जागा."

"दिवस भरलं जणू."

"दोन दिवस राहिलेत, मावशी. फार तर तीन."

"मग हितं कशाला माती उकरतीस? माझ्या शेजारचं बीळ मोकळंच हाय. लेक सासरी गेल्यापासनं कुणी राहत न्हाई. चल, बघून घे."

तांबडीनं बीळ पाहिलं. आत अंधार होता, ऊब होती, आणि खाली वाळका पाचोळा होता. ती आत जाऊन तीनदा गोल फिरली आणि बसली. कुत्री तीनदा फिरून बसली की जागा पसंत पडली असं समजावं.

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायची. पण मग तात्पर्य काय सांगणार? शिवाय त्या जंगलात एक समिती होती.

तिचं नाव वन्य मातृकल्याण समिती. अध्यक्ष गवारेडा. त्याला सगळे गवासाहेब म्हणत. चिटणीस कोल्हा. समिती स्थापन होऊन चार वर्षं झाली होती, पण तिला अजून एकही माता सापडली नव्हती. कारण जंगलातल्या आया समितीला न विचारताच बाळंत होत आणि मोकळ्या होत.

तांबडीची बातमी ऐकून कोल्हा धावतच आला. त्यानं बिळात डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि गवासाहेबांना म्हणाला, "साहेब, या बिळाला दर्शनी बाजूच नाही. पाटी कुठे लावायची?"

"खिडक्या?" गवासाहेबांनी विचारलं.

"एकही नाही. माता आत गेली की कुणाला दिसायची नाही."

"मग आपण मदत केली हे लोकांना कसं दिसणार? छे. समिती असताना बाईनं बिळात बाळंत व्हावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे."

त्यांनी तांबडीला मोठ्या अदबीनं बाहेर काढलं. तिनं चुकून परत जाऊ नये म्हणून बिळाच्या तोंडावर एक धोंडाही लोटून ठेवला. गवारेड्यानं लोटलेला धोंडा हलवायला दुसरा गवारेडाच लागतो.

त्याच दुपारी तज्ज्ञांची सभा झाली. जंगलातल्या सगळ्या अनुभवी आया आल्या. सुगरण म्हणाली, पाण्यावर लोंबणारं घरटं बरं, साप येत नाही. मगर म्हणाली, वाळूत पुरायचं आणि वर बसायचं. हरिणी म्हणाली, उरकायचं आणि पोराला घेऊन लगेच पळायचं. कोकिळा म्हणाली, स्वतःचं घर हवंच कशाला, कावळीण सज्जन आहे. तेव्हा सगळ्याजणी तिच्याकडे पाहायला लागल्या, तशी ती घसा खाकरत उडून गेली.

शेवटी कोल्ह्याला तांबडीची आठवण झाली. "माताजी, तुम्हाला काय डोहाळे लागलेत?"

"खड्डा खणावासा वाटतो," तांबडी म्हणाली.

कोल्ह्यानं लिहून घेतलं : माता खिन्न आहे, समुपदेशनाची गरज.

दोन दिवसांत प्रसूतिगृह उभं राहिलं. जंगलाच्या मधोमध, उंच माळावर, जिथे वारा चारही दिशांनी येतो. त्याला बारा खिडक्या होत्या, कारण पाहुणे बारा बाजूंनी येण्याची शक्यता होती. दारावर वेलीची फीत बांधली होती. फीत वाघ कापणार. तोवर आत कुणीही जायचं नाही, मातेनंसुद्धा नाही, असा ठराव झाला. गवासाहेब प्रेमळ होते, पण ठरावाच्या बाहेर नव्हते.

समारंभाचा दिवस उजाडला. प्रसूतिगृहासमोर बांबूचा मंच बांधला होता, चार मोठ्या दगडांवर. चारही बाजूंनी पळसाच्या पानांच्या जाड झालरी सोडल्या होत्या, म्हणजे खालचे दगड दिसू नयेत. मंचामागे शालींचा ढीग होता. एकतीस शाली, सावरीच्या कापसाच्या, सुगरणींनी विणलेल्या. कारण सत्कार एकतीस होते. जागा सुचवणाऱ्याचा, वेल आणणाऱ्याचा, फीत बांधावी असं म्हणणाऱ्याचा, आणि वाघाला बोलवावं हे सर्वांच्या आधी सुचलेल्याचा. नारळ नव्हते म्हणून बेलफळं होती. साळूमावशीचं नाव यादीत नव्हतं. तिनं नुसतं बीळ दिलं होतं.

सत्काराची शाल तुम्ही पाहिली असेल. ती पांघरायची नसते. खांद्यावर घ्यायची, हसायचं, घडी करायची आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याला द्यायची. काही शालींनी सगळं जंगल पाहिलेलं असतं, पण थंडी कधी पाहिलेली नसते.

वाघ दहाला येणार होता, म्हणून तीनला आला. त्याला पहिली शाल घातली. तांबडीला समोर फुलांच्या आसनावर बसवलं होतं. ती थरथरत होती. लोकांना वाटलं, गहिवरली.

तेवढ्यात ती उठली आणि गर्दीच्या कडेला साळूमावशीपाशी गेली.

"मावशी, कळा यायला लागल्या."

"कुणाला सांगितलंस?"

"चिटणीसांना. ते म्हणाले, कार्यक्रमपत्रिकेत बाळंतपण सोळावं आहे, आत्ता तिसरं चाललंय."

साळूमावशीनं माळाकडे पाहिलं. उघडा माळ, बोचरा वारा. बिळावर धोंडा. तांबडीही माळाकडेच पाहत होती आणि तिला मागची थंडी आठवत होती. तिला फार भीती वाटली. कळांनी तिचे मागचे पाय वाकायला लागले होते.

मग साळूमावशीनं मंचाकडे पाहिलं.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "समदी वर बघत्यात. खाली कोण बघतंय?"

दोघी मागच्या बाजूनं झालरीखाली शिरल्या. मंचाखाली अंधार होता. वारा नव्हता. माती मऊ होती. तांबडीनं पुढचे दोन्ही पाय लावले आणि आपले डोहाळे पुरे केले. छान खोलगट खड्डा झाला. ती तीनदा गोल फिरली. मग बाहेर तोंड काढून तिनं ढिगातली एक शाल दातात धरली आणि आत ओढली. मग दुसरी. मग तिसरी.

वर कोल्ह्यानं नाव पुकारलं आणि शालीसाठी मागे हात घातला. हाताला बेलफळ लागलं. पुन्हा घातला. पुन्हा बेलफळ.

"साहेब," तो गवासाहेबांच्या कानाशी लागला, "शाली नाहीत."

"नाहीत म्हणजे? तीस होत्या."

"आता एकही नाही."

गवासाहेबांना घाम फुटला, पौषात. "शाली सापडेपर्यंत कुणीतरी बोलत राहा. थांबलो तर लोक मागे बघतील."

मग काय विचारता. ससे शाली शोधायला चहूकडे पळाले आणि वर भाषणं सुरू झाली. गवासाहेब बोलले, कोल्हा बोलला, वेल आणणारा बोलला. वर जितका गलका, तितकं खाली निवांत. पहिलं पिल्लू कोल्ह्याच्या प्रास्ताविकात झालं. दुसरं आणि तिसरं वेल आणणाऱ्याच्या मनोगतात. मग वाघ उभा राहिला. वाघाचं भाषण लांबलं, तशी चौथं, पाचवं आणि सहावं अशी तिघं आली.

"मी छातीठोकपणे सांगतो," वाघ म्हणाला, "या जंगलात आजपर्यंत एकाही मातेची आबाळ झालेली नाही."

"कुंई," मंचाखालून आवाज आला.

"कोण बोललं?"

"कुंई, कुंई."

वाघ खाली उतरला. त्यानं झालर बाजूला केली आणि वाकून पाहिलं.

आत तीस शालींचा गोल केलेला होता आणि त्यात तांबडी होती. तिनं वाघाला दात दाखवले. साळूमावशीनं सगळे काटे उभे केले आणि मध्ये येऊन बसली.

"म्होरं येऊ नगा, साहेब," ती म्हणाली. "नाकाला लागंल."

आजवर वाघाला भाषणात कुणी अडवलं नव्हतं. तो तसाच वाकून बघत राहिला. पाच पिल्लं आईच्या पोटाशी होती. सहावं, सगळ्यांत लहान, जरासं बाजूला पडून थरथरत होतं. ते शालींच्या गोलाबाहेर घरंगळलं होतं.

वाघानं आपल्या खांद्यावरची शाल काढली. घडी केली नाही. पंजाच्या टोकानं ती हळूहळू आत सरकवली. त्या दिवशी त्यानं न बोलता केलेलं हे एकच काम.

"साहेब," कोल्हा मागून म्हणाला, "फीत कापायची राहिली आहे."

"हळू बोल," वाघ म्हणाला. "पोरं झोपलीत."

पुढे महिनाभर मंच मोडला नाही. समितीच्या अहवालात लिहिलं गेलं की प्रसूती समितीच्या मंचावर, मान्यवरांच्या उपस्थितीत, सुखरूप पार पडली. एक शब्द सोडला तर अहवाल खरा होता. तीस जण सत्काराविना राहिले आणि अजून साळूमावशीशी बोलत नाहीत. तिला त्याचं काही वाटत नाही.

फीत मात्र शेवटी कापली गेली. सहाव्या पिल्लाला दात आले, तेव्हा त्यानं ती चावून चावून तोडली आणि तोंडात धरून माळभर पळालं. त्याच्यामागे पाच पळाली. तांबडी मंचाच्या सावलीत बसून मोजत होती. तिला मोजायची सवयच लागली होती. दर वेळी सहा भरत होती.

तात्पर्य : मुलांनो, कुणाला खरी मदत करायची असेल तर आधी मोठा समारंभ ठेवा. मंच उंच बांधा, शाली मोजून जास्त आणा, आणि वक्ते असे निवडा की जे लवकर थांबत नाहीत. सगळे वर बघत असले, की खालची कामं बिनबोभाट होतात.