हजेरी झाल्याशिवाय गोळीबार नाही

कॉम्प्युटरवरच्या लढाईत मला कुणी गोळी घातली तर मी एक शिवी देतो आणि विसरून जातो. पण समोरून पाच बंदुका अंगावर येत असताना आपल्याच पक्षातला एक माणूस पडद्यावर 'शिंदे दिगंबर माणिकराव' असं माझं पूर्ण नाव लिहितो आणि मी 'हजर' लिहीपर्यंत पुढे सरकत नाही, हे मी आजतागायत विसरलेलो नाही. एकदा घाईघाईत मी नुसतं 'हो' लिहिलं. लगेच पडद्यावर उत्तर आलं, "हो म्हंजे काय? कोणी लग्नाचं विचारून राहिलं का?" ते वाचून होईपर्यंत मी मेलो होतो.

हा माणूस म्हणजे परसराम सोमला राठोड, ऊर्फ राठोड गुरुजी. सेनगावच्या पुढे एका तांड्यावर शाळा, राहणं हिंगोलीत. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की जीपमध्ये कोंबून घेऊन दुपारी दोनपर्यंत हिंगोलीत यायचे. आणि चार वाजता, पांढरा शर्ट, खिशाला लाल आणि निळा असे दोन पेन, पायात धुळीनं माखलेली चप्पल, अशा थाटात गजाननच्या इंटरनेट कॅफेत युद्धाला बसायचे. चप्पल मात्र दाराबाहेर काढून.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. बसस्टँडजवळ एका माडीवर गजाननचा कॅफे होता. दहा कॉम्प्युटर, एकमेकांना तारेनं जोडलेले. शनिवारी एका रांगेत आम्ही प्रौढ आणि समोरच्या रांगेत कॉलेजची पाच पोरं, अशी लढाई चाले. आमच्या पक्षात मी विमा एजंट, वसीम मोबाइल दुरुस्तीवाला, कदम कंपाउंडर, स्वतः गजानन आणि पाचवी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेनं आमचा घात केला.

गुरुजी एका शनिवारी शाळेची कसलीशी माहिती भरायला आले होते. वसीमच्या मागे उभे राहून बघता बघता त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या ओळी दिसल्या.

"हे कोण लिहून राहिलं?"

"तो समोरचा पोरगा," वसीम म्हणाला.

"समोरच हाय तं तोंडानं काहून बोलत न्हाई?"

गुरुजींनी चष्मा सावरून त्या ओळी वाचल्या. त्यात शिव्या होत्या, अर्धेमुर्धे शब्द होते, आणि नमस्कार कुठेच नव्हता. "हे शिस्तीत बसत न्हाई," ते म्हणाले आणि पाचव्या खुर्चीवर बसले ते बसलेच.

'हे शिस्तीत बसत न्हाई' हे त्यांचं पालुपद. खेळात नाव घ्यावं लागतं. मी 'तुफान' होतो, कदम 'काळ' होता. गुरुजींनी 'राठोड पी. एस., सहशिक्षक' असं लिहिलं. खेळ तेवढी अक्षरं घेईना, तेव्हा शेवटचं 'क्षक' कापलं गेलं. त्यावर त्यांनी गजाननकडे लेखी तक्रार दिली. गजाननला ती कुठे पाठवावी हे कळेना, म्हणून त्यानं ती काउंटरच्या काचेखाली ठेवून दिली.

बरं, बंदूक त्यांना जमत नव्हती यावर माझा राग नाही. कदमलाही जमत नाही. माझा राग आहे तो त्यांच्या लिहिण्यावर. त्या खेळात लिहायची दोन बटणं होती. एक दाबलं की लिहिलेलं दोन्ही पक्षांना दिसे, दुसरं दाबलं की फक्त आपल्या पक्षाला. गुरुजींनी दुसरं बटण आयुष्यात दाबलं नाही. का, तर "मागं कुजबूज करायची न्हाई. जे बोलायचं ते साऱ्या वर्गापुढं बोलायचं." म्हणून आम्ही कानात कुजबुजून बेत ठरवला, की गुरुजी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, स्वल्पविरामासकट, जाहीर करत: 'आपण सर्वजण डावीकडील गोदामातून, शांततेत जाऊ.' आम्ही शांततेत जायचो. गोदामात ती पाच पोरं त्याहून शांततेत आमची वाट बघत बसलेली असायची.

एका बोटानं टायपिंग करण्यात दंग असल्यामुळे गुरुजी सगळ्यांत आधी मरत. त्या खेळाचा नियम असा, की मेलेल्यानं लिहिलेलं फक्त मेलेल्यांनाच दिसतं. आणि त्यांच्या पाठोपाठ नेमका मी मरायचो. त्यामुळे गुरुजींचे सगळे सुविचार मला एकट्याला वाचावे लागले. 'मागून मारणे हे मर्दाचे लक्षण नव्हे.' 'शिंदे, पाठ ताठ ठेवून बसा.'

आणि हजेरी तर होतीच. लढाई सुरू व्हायच्या आधी काही सेकंद सगळे जागेवर थिजलेले असतात. बंदुका निवडायला म्हणून तो वेळ दिलेला असतो. गुरुजी त्या वेळात हजेरी घेत, आणि ती कधीच वेळेत संपत नसे. 'शेख वसीम शेख महेबूब.' हजर. 'कदम पंडित ग्यानोजी.' हजर. कदमपर्यंत येईतो गोळ्या सुरू झालेल्या असत.

एकदा वसीम खाली दुकानात गिऱ्हाईक बघायला गेला होता. मी हात लांब करून त्याच्या कीबोर्डवर 'हजर' लिहिलं. दोन सेकंद वाचवायचा साधा व्यवहार. पण गुरुजींनी बाजूची खुर्ची रिकामी बघितली आणि ताडकन उठून उभे राहिले.

"शिंदे! दुसऱ्याची हजेरी लावता? माणूस न्हाई अन् तुमी हाय म्हनता? ही चोरी हाय, चोरी!"

ते इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या पोरांचेही हात थांबले. म्हणजे दोन सेकंद थांबले. नंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना मारलं. एका खेळापायी पन्नाशीच्या माणसानं इतकं पेटावं? मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आन् चाळिशीच्या माणसानं इतकं रडावं?"

दिवाळीच्या आदल्या शनिवारी कडेलोट झाला. कॉलेजच्या पोरांशी आमची बरोबरी झाली होती, आणि असं तीन महिन्यांत प्रथमच झालं होतं. एकच फेरी उरली होती. मी सगळ्यांच्या कानात सांगितलं, मागच्या जिन्यानं जायचं. गुरुजींच्या कानात दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं: 'सर्वांनी मागील जिन्याने यावे. धक्काबुक्की करू नये.'

आम्ही हरलो. समोरची पोरं टेबलं बडवत होती. माझं डोकं सणकलं. त्या खेळात आपल्या पक्षातल्या माणसाला बाहेर काढायचा एक हुकूम असतो. तो लिहून पुढे त्या माणसाचा क्रमांक टाकायचा. पाचांपैकी तिघांनी तसं केलं की माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. मी हुकूम लिहिला आणि गुरुजींचा क्रमांक टाकला. पडद्यावर उमटलं, एक मत. माझ्याकडे न बघता कदमनं लिहिलं. दोन मतं.

गुरुजींनी वाचलं. मग सावकाश लिहिलं: 'मत कोणी दिले त्यांनी हात वर करावा.'

आमच्यापैकी कुणीच हात वर केला नाही. त्यांच्याच रांगेत आम्ही पडद्यात तोंड खुपसून बसलो. वसीम आणि गजाननची बोटं कीबोर्डवर नुसती ठेवलेली होती.

'दोन मते झाली. तिसऱ्यास संकोच होत आहे,' गुरुजींनी लिहिलं. 'काम अर्धवट ठेवणे शिस्तीत बसत नाही.' आणि त्यांनी हुकूम लिहून पुढे स्वतःचाच क्रमांक टाकला. तिसरं मत पडलं. त्यांचा पडदा काळा झाला. ते उठले, खुर्ची आत सरकवली, बाहेर जाऊन चप्पल घातली आणि जिना उतरून गेले.

खरं सांगतो, त्याचाही मला संताप आला. माणसानं भांडावं की नाही? आम्ही भांडणाची तयारी करून बसलेलो, आणि हा माणूस स्वतःच स्वतःला काढून आम्हाला चोर ठरवून जातो! पुढचे चार शनिवार आम्ही चौघंच खेळलो. लढाई वेळेत सुरू होत होती. आम्ही दोनदा जिंकलोसुद्धा. कदम म्हणाला, "मजा न्हाई येऊन राहिली राव." मी त्याला गप्प बसवलं.

मग एका पॉलिसीच्या कामासाठी मला गुरुजींच्याच तांड्यावर जावं लागलं. सकाळची वेळ. निम्म्या घरांना कुलपं. ज्याच्याकडे काम होतं तोही ऊसतोडीला गेला होता. परत फिरलो तर शाळेच्या खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"आडे सुनील रामू."

कुणी बोललं नाही. वर्गात दहा-अकरा लेकरं बसली होती. गुरुजी दाराकडे बघत थांबले. माझ्या 'हजर'साठी थांबत तेवढाच वेळ थांबले. मग हजेरीपटात खूण केली.

"चव्हाण गणेश बद्री." शांतता. दाराकडे बघणं. खूण. "जाधव अनिता बंडू." शांतता.

"पवार शीतल बाबू."

"हजर," पुढच्या ओळीतली सात-आठ वर्षांची पोरगी उठून म्हणाली.

"तू पवार शीतल हायेस का?"

"न्हाई गुरुजी. मी कोमल. ताई ऊस तोडाया गेली. जाताना म्हणली, माझं नाव घेतलं का तू हजर म्हण."

आता हा माणूस पेटणार, त्या चिमुरडीला चोर म्हणणार, असं वाटून मी दाराकडे निघालोसुद्धा. पण गुरुजींनी लाल पेन पटावर नेला, उचलला, पुन्हा नेला.

"बस, लेकरा," ते म्हणाले. त्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. तो कोरा ठेवून पुढचं नाव घेतलं.

मधल्या सुट्टीत आम्ही कडुलिंबाखाली बसलो. मी विचारलं, "गुरुजी, जे गेलेत त्यांची नावं रोज काहून घेता? उगाच वेळ जातो."

"बेचाळीस नावं हायत पटावर," ते म्हणाले. "दसरा झाला का मुकादमाची गाडी येते, आन् आई-बापासंग लेकरं जातेत. नाव घेत राहिलं तं होळीनंतर त्यातले काही माघारी येतेत. ज्याचं नाव घ्याचं सोडलं ते पोरगं कवा आलं न्हाई, शिंदे. मी पाहेल हाय."

मग चपलेनं माती सारखी करत म्हणाले, "तुमच्या तिथं लई बरं वाटे. चार नावं घेतली का चारही हजर. आठवड्यातून एकदा तरी पट पुरा भरे."

मी जाम भडकलो. त्यांच्यावर, माझ्यावर, त्या मुकादमाच्या गाडीवर. "हे आधी सांगायला काय झालं होतं तुमाला?" मी ओरडलो.

"तुमी इचारलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "आन् मास्तरानं हजेरीचं कारण सांगत बसणं शिस्तीत बसत न्हाई."

"मग येत्या शनिवारी या. न्हाई आले तर गैरहजेरी मांडीन तुमची!"

ते आले. चप्पल बाहेर काढली आणि पाचव्या खुर्चीवर बसले. 'शिंदे दिगंबर माणिकराव.' हजर. 'कदम पंडित ग्यानोजी.' हजर. गजानन हजर. 'शेख वसीम शेख महेबूब.'

वसीम चहा सांगायला खाली गेला होता. त्याचा कीबोर्ड माझ्या हाताशी होता. मी हात मांडीखाली दाबून ठेवले. गोळ्या सुरू झाल्या. कदम माझ्याकडे बघत होता, मी कदमकडे. गुरुजी दाराकडे बघत होते. समोरची पोरं गोदामातून आली, जिन्यावरून आली, आणि हजेरीला उभ्या असलेल्या आम्हा चौघांना एकेक करून मारून मोकळी झाली.

वसीम चहाचे ग्लास घेऊन वर आला. त्यानं पडदा बघितला, त्यावर अजून थांबलेलं स्वतःचं नाव बघितलं, ग्लास खाली ठेवले आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'हजर.'