खांबेटेकाकांचा पॉइंट

भारतानं फायनल शेवटच्या बॉलवर जिंकली तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये बावीस माणसं एकाच वेळी हवेत होती. माझा नवरा सोफ्यावर चढून टी-शर्ट गरगर फिरवत होता, माझा ओरडून ओरडून घसा बसला होता, कुणाच्या तरी लाथेनं चिवड्याचा बोल नव्या कोऱ्या कार्पेटवर पालथा झाला होता. आणि या सगळ्या धुमाकुळात एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून टीव्हीकडे बघत होते. जणू अजून दोन ओव्हर शिल्लक आहेत.

"काका, जिंकलो!" मी त्यांना गदागदा हलवलं.

"हो, पाहिलं. पण नाचू नकोस मंजू, पॉइंट जाईल."

"अहो, मॅच संपली!"

"तरी."

हे आमचे खांबेटेकाका. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये आमचं आणि त्यांचं टाउनहाउस एकाच भिंतीला चिकटलेलं आहे. मूळचे सांगलीचे, वय अडुसष्ट. उभी हयात गाड्यांचे ब्रेक बनवण्यात गेली. "गाडी पळवायला कुणीही शिकवेल, थांबवायला अक्कल लागते," हे त्यांचं जुनं वाक्य. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनाला जातात, नाहीतर मंडळाच्या कमिटीत भांडतात. काका केंदो शिकायला लागले. केंदो म्हणजे जपानी तलवारबाजी. तलवार बांबूची असते, पण डोक्याला लोखंडी जाळीचं शिरस्त्राण, छातीला ढाल, हातात जाडजूड मोजे आणि खाली घोळदार पायजमा असा सगळा थाट खरा.

त्याचा शोध मला भिंतीतून लागला. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला पलीकडून जमीन हादरायची, धप्प! आणि मागोमाग काकांची आरोळी, "मेन!" आठवडाभर ऐकलं आणि न राहवून शैलाकाकूंना बाजूला घेतलं. म्हटलं, काकू, खरं सांगा, काका तुमच्यावर ओरडतात का?

"माझ्यावर?" काकू हसून हसून बेजार झाल्या. "त्यांची टाप आहे का! अगं, मेन म्हणजे डोकं. जिथे मारायचं त्याचं नाव घेऊन ओरडावं लागतं, नाहीतर फटका मोजत नाहीत. गुपचूप मारलेलं चालत नाही तिकडे."

एकदा मी हट्टानं त्यांच्या क्लासला गेले. रेक सेंटरचा जिम, म्हणजे खेळाचा मोठा हॉल. काकांचा क्लास संपला की तिथे झुंबा सुरू होतं. शिकवणारे ओकुदा सेन्सेई, ऐंशीच्या घरातले, काडीसारखे जपानी आजोबा. आल्याबरोबर सगळ्यांनी दाराला वाकून नमस्कार केला. मग ओली फडकी घेऊन, ओणवे होऊन अख्खी फरशी पुसली. काकाही पुसत होते! घरी जेवलेलं ताट न उचलणारा माणूस! मी काकूंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फ्रेम करून आण."

मग सगळे ओळीनं गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटले. पाच मिनिटं चिडीचूप. मला तर लगेच खोकला यायला लागला. शेवटी पुन्हा तेच, डोळे मिटून बसायचं आणि एकमेकांना वाकून नमस्कार करायचा. मधे तासभर ज्याला बडवलं त्यालाच आधी.

तिथेच मला तो पॉइंटचा नियम कळला. केंदोत फटका बसला, पंचांनी झेंडे वर केले, तरी काम संपत नाही. त्यानंतरही मन जागेवर, तलवार रोखलेली, नजर समोरच्यावर राहिली पाहिजे. आणि जर का तुम्ही आनंदानं उडी मारलीत किंवा मूठ उंचावलीत, तर पंच दिलेला पॉइंट काढून घेतात.

"हा कुठला न्याय?" मी सेन्सेईंनाच विचारलं. मी कुणालाही काहीही विचारते.

ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "पॉइंट तुम्हाला कोणी दिला? समोरच्यानं. त्यानं आपली चूक तुम्हाला दाखवली, तुम्ही शिकलात. त्याच्यासमोर नाचायचं? जुन्या काळी तर तो मरून पडलेला असायचा." मग जरा थांबून म्हणाले, "किंवा मेलाय असं तुम्हाला वाटायचं. आणि तो उठायचा."

काकांनी मान डोलावली. यातलं पहिलं सगळ्यांसाठी होतं, पण काकांनी मनात धरलं ते दुसरं.

कारण काका हा नियम जिमच्या बाहेरही पाळायचे. मुलीचा, गौरीचा, अल्फारेटाहून व्हिडिओ कॉल आला, "बाबा, यू आर गोइंग टू बी अ ग्रँडफादर!" काका म्हणाले, "बरं. वेळेवर जेवतेस ना?" तिकडे गौरी काकुळतीला आलेली, "आई, इज ही इव्हन हॅपी?" तेव्हा काकूंनी मुकाट्यानं फोन खाली, काकांच्या पायांकडे वळवला. मोज्यातल्या मोज्यात दोन्ही अंगठे थुईथुई नाचत होते.

"एवढं एकच शिल्लक आहे बाई आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "स्थितप्रज्ञ म्हणे! अंगठ्याला विसरला स्थितप्रज्ञ."

तेव्हापासून मी काकांशी बोलताना आधी खाली बघते.

आणखी एक खोड म्हणजे केंदोचे कपडे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः धुणार, गॅरेजमध्ये दोरी बांधून वाळवणार, घडी घालून बॅगेत ठेवणार. काकूंची काही तक्रार नव्हती. त्या हातमोज्यांना वास असा, की महिनाभर डब्यात राहिलेली मुळ्याची भाजीही परवडली. आणि काकूंना स्पर्धेला कधी म्हणजे कधी नेलं नाही. "तिथे बघण्यासारखं काही नसतं, मी हरतो," म्हणायचे. ते मात्र खरं होतं. पाच वर्षांत स्पर्धेत एकही पॉइंट मिळवला नव्हता त्यांनी.

मला वाटायचं, म्हातारा जरा चक्रम आहे, दुसरं काय. मग एके दिवशी मेथी निवडताना काकूंनी सगळं सांगितलं. काकूंचं आजारपण, आम्ही इथे राहायला यायच्या आधीचं, मला ऐकून माहीत होतं. कॅन्सर, ऑपरेशन, केमो. पण तो परत आला होता, हे माहीत नव्हतं.

"पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, क्लीन. हे काय नाचले गं! डॉक्टरला उचलायला निघाले. आयसेलिनच्या मिठाईच्या दुकानातून तीन किलो पेढे मागवले, सगळ्या गल्लीत वाटले, पोस्टमनलासुद्धा बॉक्स दिला. तो बिचारा म्हणतो, हे चीज आहे का?" काकू हसल्या. "आठ महिन्यांनी परत निघाला. यांनी डोक्यात घेतलं, मी लवकर नाचलो म्हणून झालं. किती समजावलं! इंजिनिअर माणूस, पण ऐकेल तर शपथ. दुसरी केमो चालू होती आणि हे ती बांबूची काठी घेऊन आले. तिकडे न नाचणाऱ्याला शहाणा म्हणतात ना!"

मी मेथीची जुडी खाली ठेवली. इतके दिवस मी त्या माणसाची टिंगल करत होते आणि तो बिचारा पाच वर्षं श्वास रोखून उभा होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

"आता पाच वर्षांचा स्कॅन आहे," काकू म्हणाल्या. "हा नीट आला की डॉक्टर सोडणार. मला माझी काळजी नाही गं मंजू. पण हा माणूस परत हसणार की नाही, ही काळजी आहे."

स्कॅन गुरुवारी झाला. डॉक्टर सोमवारी फोन करणार होते. आणि मधल्या शनिवारी नेमकी काकांची स्पर्धा. शुक्रवारभर भिंतीपलीकडून धप्प, धप्प, धप्प चाललेलं. शनिवारी सकाळी काकूंनी जाहीर केलं, "घरी बसून भिंती बघणार नाही. मी येणार." काका नाही म्हणाले. काकू गाडीत जाऊन बसल्या. ड्राइव्ह करायला मी होतेच.

जिममध्ये शिरतानाच एका मुलीनं आम्हाला अदबीनं सांगितलं, इथे ओरडायचं नाही, नावं घ्यायची नाहीत, आवडलं तर फक्त टाळ्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. मनापासून ठेवलं होतं हो!

काका कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून शिरस्त्राण बांधत होते. बाकीचे सगळे एकमेकांसमोर बसून बांधत होते. म्हटलं, असेल एखादी रीत. समोर उभी राहिली युनिव्हर्सिटीतली एक उंच, सडपातळ पोरगी. पहिल्याच मिनिटात तिनं काकांच्या डोक्यावर खाडकन एक दिला. तीन झेंडे वर. काका एका पॉइंटनं मागे.

तेवढ्यात काकूंच्या पर्समध्ये फोन थरथरला.

हॉस्पिटलच्या ॲपचं नोटिफिकेशन. रिपोर्ट सोमवारची वाट न बघता आपोआप येऊन पडला होता. "मला चष्मा सापडत नाहीये, तूच बघ," असं म्हणून काकूंनी फोन माझ्या मांडीवर टाकला आणि डोळे मिटून घेतले. चष्मा नाकावरच होता.

मी उघडला. सगळं ते डॉक्टरी इंग्रजी, अक्षरं नाचत होती. मी खाली खाली सरकवत गेले. शेवटी एक ओळ. नो एव्हिडन्स ऑफ डिसीज. परत वाचली. वरचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, परत ती ओळ वाचली. काकूंचा हात दाबून कानात सांगितलं. त्यांनी "आई गं" म्हटलं आणि पदर तोंडात कोंबला.

आणि त्याच क्षणी खाली काकांची आरोळी घुमली, "मेन!" धप्प! फटका असा स्वच्छ बसला की मलासुद्धा कळलं. तीनही झेंडे वर गेले. पाच वर्षांतला पहिला पॉइंट! काका तसेच पुढे गेले, वळले, तलवार रोखून उभे राहिले. नजर समोर, कुठे काही हललं नाही. अंगठेसुद्धा नाही, मी बघितलं ना.

मग काय झालं मला सांगता येत नाही. मी उठून उभी राहिले आणि त्या चिडीचूप जिममध्ये, सगळ्या जपान्यांच्या देखत, पोटाच्या देठापासून ओरडले, "काकाऽऽ! रिपोर्ट आला! क्लीन आहे!"

सगळा जिम माझ्याकडे वळला. काकाही वळले. जाळीतून चेहरा दिसत नव्हता. ते आधी माझ्याकडे बघत होते, मग काकूंकडे. काकूंनी रडत रडत मान हलवली, हो हो हो.

खांबेटेकाकांनी हातातली तलवार फेकली. खरंच फेकली. दोन्ही हात वर केले आणि अडुसष्टाव्या वर्षी, अंगावर ते सगळं ओझं घेऊन, टुणकन उडी मारली. "शैलाऽऽ!" म्हणून ओरडले आणि परत उडी मारली. पाच वर्षं नुसत्या अंगठ्यांवर भागवलेला तो माणूस लहान मुलासारखा नाचत सुटला.

तिन्ही पंच मधोमध जमले, काहीतरी कुजबुजले आणि जागेवर परतले. मुख्य पंचांनी झेंडे खाली हलवून पॉइंट रद्द केला. सामना पुढे अर्धा मिनिट चालला आणि काका हरले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण काका आणि ती पोरगी एकमेकांना वाकून मागे सरकतात न सरकतात, तोच ओकुदा सेन्सेई उठले आणि सरळ आमच्या बाकाशी आले. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंसमोर कमरेत पूर्ण वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग काका आले. "काका, सॉरी. माझ्यामुळे पॉइंट गेला हो तुमचा," मी म्हटलं.

"गेला तर गेला," काका धापा टाकत म्हणाले. त्यांच्या शिरस्त्राणाची गाठ सुटेना. काकूंनी पुढे होऊन ती सोडवली आणि शिरस्त्राण उचललं.

घाम टिपायला त्याच्या आत सगळे डोक्याला एक सुती फडकं बांधतात. बाकीच्यांची पांढरी, निळी, जपानी अक्षरांची होती. काकांच्या डोक्याला एक पिवळं, विटलेलं, हिरव्या काठाचं कापड होतं. काकू बघतच राहिल्या.

"अहो, हे माझं ना? केमोतलं?"

केस गेले तेव्हा काकूंनी जुनी सुती साडी फाडून डोक्याला बांधायला तीन रुमाल शिवले होते. बऱ्या झाल्यावर, ते दिवस परत डोळ्यांपुढे नकोत म्हणून, सगळे पिशवीत भरून डोनेट करून टाकले होते.

"मी टाकलं होतं हे."

"पिशवी द्यायला मी गेलो होतो," काका म्हणाले. "दोन दिले."

काकूंनी ते काकांच्या डोक्यावरून सोडलं, नाकाशी नेलं, "शी, किती घाण वास मारतंय" म्हणाल्या, आणि त्याची नीट चौकोनी घडी घालून आपल्या चांगल्या लेदरच्या पर्समध्ये ठेवून दिली.

घरी येताना दोघं मागच्या सीटवर बसले होते. मी आरशातून बघत होते. काकांचा चेहरा पुन्हा तसाच, ताठ. म्हटलं, संपलं वाटतं, गेला हा माणूस परत जाळीच्या आत.

तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला.

"शैला, आयसेलिनच्या त्या दुकानाचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

काकूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "आहे की. किती मागवू?"

"तीन किलोच मागव," काका म्हणाले. "पोस्टमन अजून तोच आहे."