केळ्यांचा निर्दोष प्रयोग

फळे खाऊन रक्तदाब उतरत नाही, हे मी सासऱ्यांना दोन आठवड्यांत सिद्ध करून दाखवणार होतो. प्रयोगांची आखणी हाच माझा व्यवसाय! प्रयोगशाळेत माझ्या आखणीत कोणी खोट काढलेली नाही. घरात तर कोणाची टाप!

वाद त्यांनीच उकरून काढला होता.

"जावईबापू, केळी खातोय तेव्हापासून वरचा आकडा खाली आलाय!"

"मामा, एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही."

"मग करा ना प्रयोग! हरलात तर माझ्या ताटात पुन्हा नाक खुपसायचं नाही."

आखणी देखणी होती. एक आठवडा केळी-संत्र्यांचा रस. दुसरा आठवडा त्याच रंगाचे, त्याच वासाचे, पीठ लावून दाट केलेले गोड पाणी. पेला झाकणाचा. कोणत्या आठवड्यात काय, हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक; मोजणाऱ्याला, म्हणजे मला, ते कळता कामा नये. सासऱ्यांच्या गोळ्या दोन्ही आठवडे त्याच राहणार होत्या. जे बदलत नाही त्याचा विचार करायचा नसतो, म्हणून मी गोळ्यांच्या पाकिटाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

रक्तदाब उतरू लागला. योगायोग, मी मनाशी म्हटले. तो आणखी उतरला. सासरे आधी विजयी मुद्रेने जिना चढत. मग मधल्या पायरीवर टेकू लागले. मग टेकले की उठेनात.

"पाय शिशाचे झालेत हो."

"मनाचे खेळ, मामा!" मी हर्षाने म्हणालो. बायकोला एक शब्दही विचारला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

एका सकाळी ते दोरीवरून ओला टॉवेल घसरावा तसे खुर्चीतून घसरले. रक्तदाबाच्या यंत्राने आकडाच दाखवला नाही. आणि मी काय केले? यंत्राचे सेल बदलले!

"नाडी बुडत चाललीय, रक्तात पोटॅशियम भरमसाट आहे," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय खात होते हे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "माहीत असू नये, अशीच आखणी आहे."

त्यांनी मला असे न्याहाळले, जणू पुढचा रुग्ण मीच.

"रस," बायको पुटपुटली. "दोन्ही आठवडे."

"दोन्ही? आणि पाणी?"

"माझ्या बापाला पिठाचं पाणी पाजू? तुझ्या हट्टापायी?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, पाणीच पाजताय. म्हणून तुम्ही कामावर गेलात की मी त्यांना केळी भरवायची. जीव तुटत होता हो!"

तेवढ्यात नर्सने सासऱ्यांच्या सदऱ्याचा खिसा रिकामा केला. सुके जर्दाळू! त्यांना जिंकायचे होते.

"केळी, संत्री, जर्दाळू, सगळ्यांत पोटॅशियम ठासून! मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यात रक्तदाबाची ही गोळी ते अंगात अडवून धरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाकिटात कागद असतो. वाचला नाही कोणी?"

"त्याचं असं आहे, गोळ्या हा स्थिर घटक..."

"गप्प बैस," बायको म्हणाली.

काचेपलीकडे पडद्यावर हिरवी रेघ सरकत होती. एक उंचवटा, मग लांबच लांब सपाटी. सासूबाई सासऱ्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढचा उंचवटा येईल की नाही, हे सांगणारी कोणतीही आकडेवारी माझ्यापाशी नव्हती.

संध्याकाळपर्यंत इंजेक्शनांनी काम केले. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि बोटाने मला जवळ बोलावले. शिव्या खायची तयारी ठेवून मी वाकलो. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"जावईबापू... उतरला ना?"

"उतरला, मामा."

"केळ्यांनीच ना?"

बायको माझ्याकडे पाहत होती. सासूबाईही. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले.

पण आमच्याकडे तो एकच होता.

"केळ्यांनीच," मी म्हणालो.